कुत्र्याच्या अखेरची तयारी आधीच करायला हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षांचे. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींचे त्याहून कमी, आठ-दहा वर्षांतच आटोपणारे. आपला गावठी कुत्रा नीट सांभाळला तर चौदा-पंधरा वर्षे सहज काढतो. म्हणजे पिल्लू घरी आणले त्याच दिवशी हे ठरलेले असते की त्याचा शेवट आपल्याला पाहावा लागणार. तरी त्या शेवटाची तयारी फार थोड्या घरांत होते. कुत्रा गेल्यावर माणसे महिनोन् महिने स्वतःला बोल लावत राहतात. त्यात वियोगाइतकाच वाटा शेवटच्या आठवड्यातल्या धावपळीचा असतो. दुखणे वेळेवर ओळखता आले नाही, रात्री डॉक्टर मिळाले नाहीत, सकाळी देह कुठे न्यायचा तेच कोणाला ठाऊक नव्हते. दुःख काही टळत नाही, पण ही धावपळ टाळता येते. म्हणून आम्हा काही पशुवैद्यांचे हे पत्र.

'म्हातारा झालाय, चालायचंच' हे वाक्य सर्वांत घात करते. म्हातारपण हा आजार नव्हे. जिना चढताना थबकणे, बसताना मागचे पाय हळूहळू घसरू देणे, रात्री जागा बदलत राहणे, एकच पाय सतत चाटणे, हात लावला की मान वळवून पाहणे ही सांधेदुखीची लक्षणे आहेत आणि त्यावर उपचार आहेत. कुत्रा दुखले तरी ओरडेलच असे नाही, बहुतेक वेळा तो फक्त कमी हलतो. आजकालच्या घरांतल्या गुळगुळीत फरश्या तर म्हाताऱ्या कुत्र्याचे शत्रूच आहेत. पाय फाकून एकदा पडला की तो चालायलाच घाबरतो. त्याच्या नेहमीच्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी, पंजांमधले वाढलेले केस कापावेत, नखे आखूड ठेवावीत. एवढ्यानेही कुत्रा पुन्हा उठून दारापर्यंत येऊ लागतो.

पण माणसांची वेदनाशामक गोळी घरच्या घरी कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, रक्ताची उलटी आणि काळी शी होते, किडन्या बंद पडू शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर उठते. 'अर्धीच तर दिली होती' हे आम्हाला फार वेळा ऐकावे लागते. दहा किलोच्या कुत्र्याला माणसाची अर्धी गोळीही जड जाऊ शकते.

हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्यासाठी घरी करण्याजोगी एक तपासणी आहे, ती प्रत्येकाने शिकून घ्यावी. कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याची छाती तीस सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजायचे आणि दुप्पट करायचे. आकडा तीसच्या आत हवा. लागोपाठ दोन-तीन वेळा तो तीसच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, कारण फुप्फुसात पाणी साचू लागल्याची ही पहिली खूण असू शकते. चाळिशीच्या वर गेला, मान ताणून श्वास घेत असेल, हिरड्या निळसर दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नये. खोकला सुरू होईपर्यंत थांबणाऱ्यांचे हातचे दिवस निघून गेलेले असतात.

कुत्रा अंथरुणाला खिळला की खरी कसोटी. चार इंच जाडीचा फोम, त्यावर रेक्झिन, वर सुती चादर असे अंथरूण हवे, गोणपाट नको. दर तीन-चार तासांनी कूस बदलावी. खुबा, खांदा आणि कोपर इथे हाड कातडीला टेकते, तिथेच आधी लाली येते आणि मग जखम. शेपटीखालचे आणि मांड्यांमधले केस बारीक कापून ठेवावेत, लघवी लागली की कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे आणि व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. पावसाळ्यात ओल्या केसांत किंवा छोट्या जखमेत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात. वरून छिद्र पावलीएवढे दिसते, आत कातडीखाली पोकळी हातभर पसरलेली असते. तीवर रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. कातडी भाजते आणि अळ्या आणखी आत शिरतात. दिवसातून दोनदा, उजेडात, शेपूट उचलून आणि कानात डोकावून पाहावे. भरवताना कुत्र्याला पोटावर बसते करावे, मान सरळ ठेवावी, सिरिंज गालाच्या बाजूने सारावी. आडवा पडलेला असताना तोंडात पेज ओतली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि न्यूमोनियाने तो दगावू शकतो.

मग कधी थांबायचे? याचे उत्तर कोणी दुसऱ्याने द्यावे असे प्रत्येकाला वाटते, आणि ते साहजिक आहे. अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी तयार केलेली एक मोजपट्टी इथे फार उपयोगी पडते. वेदना (त्यात श्वासही आला), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. एकूण पस्तीसच्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. हे गुण घरातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एकदा वेगवेगळे, एकमेकांना न विचारता लिहावेत असे आम्ही सांगतो. रात्री उठून कुत्र्याचे करणाऱ्या बाईंचे गुण आणि संध्याकाळी घरी येणाऱ्याचे गुण यांत बराच फरक निघतो, आणि निर्णय त्या फरकावर बोलूनच होतो. सोबत भिंतीवरच्या कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला एक खूण, वाईट दिवसाला दुसरी अशी नोंद ठेवली तर महिन्याचे चित्र समोर दिसते. नाहीतर कालची एक पोळी खाल्ली यावर सगळे घर आशा धरून बसते.

दयामरण द्यायचे ठरले तर ते आधी पुरेशी भूल देऊनच व्हायला हवे. पद्धत अशी: पुढच्या पायाच्या शिरेत आधी सुई बसवून ठेवायची, गुंगीचे इंजेक्शन द्यायचे, पाच-दहा मिनिटांत कुत्रा झोपी जातो, आणि मगच शिरेतून बेशुद्धीच्या औषधाची जादा मात्रा. हृदय एक-दोन मिनिटांत थांबते. डॉक्टरांनी त्यानंतरही स्टेथोस्कोप काही मिनिटे लावून, डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करून खात्री करावी. गडबड होते ती दोन ठिकाणी. फार उशीर झाला, शरीरातले पाणी आटले की शीर सापडत नाही, पुन्हा पुन्हा टोचावे लागते आणि घरच्यांच्या डोळ्यांपुढे तेच दृश्य राहते. दुसरे म्हणजे गुंगी न देता मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड टोचणे. जागेपणी यांचा वापर ही निव्वळ क्रूरता आहे. म्हणून डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारावे, 'आधी भूल देणार ना? कोणते औषध वापरणार?' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे कुत्र्याला हृदयात स्ट्रिक्निन टोचून किंवा तशाच अनावश्यक क्रूर रीतीने मारणे हा गुन्हा आहे, मग तो कुत्रा पाळीव असो वा भटका.

शक्य असेल तर घरच्या कोणी तरी शेवटपर्यंत डोक्याशी बसावे. पण पुढे काय दिसेल ते आधी सांगून ठेवायला हवे. डोळे उघडेच राहतात. लघवी-शी सुटते. हृदय थांबल्यावरही एक-दोन मोठे उसासे येतात, पायाचे स्नायू थरथरतात. तो जागा झालेला नसतो, त्याला काही कळतही नसते. हे न सांगितल्यामुळे 'जिवंत असतानाच पुरले' ही टोचणी घेऊन जगणारी माणसे आहेत.

देह दोन-तीन तासांत ताठ होऊ लागतो, म्हणून आधीच कुशीवर निजवून पाय पोटाशी दुमडावेत. पट्टा काढून ठेवावा. मागच्या भागाखाली जुने टॉवेल घालावेत आणि सुती चादरीत गुंडाळावे. एप्रिल-मे महिन्यात पोट काही तासांतच फुगू लागते, त्यामुळे पोटाला बर्फाच्या पिशव्या लावून गार खोलीत ठेवावे आणि त्याच दिवशी निरोप द्यावा. मरण्याआधी गिळता येत नव्हते, जबडा लोंबला होता, आवाज बदलला होता किंवा अचानक अंगावर येऊ लागला होता, म्हणजे रेबीजची शंकाही असेल तर देहाला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. पशुवैद्य आणि स्थानिक आरोग्य यंत्रणेला आधी कळवावे, आणि लाळेशी संपर्क आलेल्यांनी रेबीजची लस घ्यावी. कुत्र्याचे प्रेम कितीही असो, इथे देहाला हात लावण्याची घाई करू नये.

पुरायचे तर स्वतःच्या जमिनीत, किमान चार फूट खोल. देहावर दोन-अडीच फूट माती बसायला हवी. विहीर किंवा बोअरवेल शंभर फुटांच्या आत नको. कोकणात पावसाळ्यात चार फुटांवरच पाणी लागते, तिथे उंचवटा शोधावा, नाहीतर दहनाचाच मार्ग बरा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. मीठ आणि चुना टाकण्याची चाल आहे, पण त्याची गरज नाही. त्याने कुजण्याची क्रिया उलट रेंगाळते. वर मोठे दगड रचले की भटकी कुत्री उकरत नाहीत. दयामरणाच्या औषधाचा अंश देहात दीर्घकाळ राहतो. असा देह माळावर किंवा नदीकाठी टाकला आणि घार, गिधाड, कोल्हा किंवा दुसऱ्या कुत्र्याने खाल्ला तर तेही मरतात.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला देहाचा वास शांतपणे घेऊ द्यावा. इटलीत ४२६ मालकांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबती कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्यात बदल झाल्याचे त्यातल्या सुमारे ८६ टक्के मालकांनी सांगितले. तो खेळेनासा होतो, जास्त झोपतो, माणसांच्या मागे मागे फिरतो, कमी खातो. त्याचे फिरण्याचे आणि जेवणाचे वेळापत्रक जसेच्या तसे ठेवावे. दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर दुःख म्हणून सोडून न देता तपासून घ्यावे. मुलांना 'त्याला झोपवले' किंवा 'गावाला पाठवले' असे सांगू नये. पहिल्याने मूल झोपेला घाबरते, दुसऱ्याने वाट पाहत बसते. 'तो मेला, त्याचे शरीर थांबले, तो परत येणार नाही' हे साध्या शब्दांत सांगितले की मुले रडतात, पण समजून घेतात. ज्या आजी-आजोबांचे सकाळ-संध्याकाळ बाहेर पडणे केवळ कुत्र्यामुळे होते, त्यांच्याकडे पुढचे काही महिने घरच्यांनी जास्त लक्ष द्यावे. त्यांचे चालणे, बोलणे, शेजाऱ्यांशी भेट सगळे एकाच दिवशी थांबलेले असते.

हे दुःख म्हणजे शहरी चोचले, असे म्हणणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक पिल्लू होते. दातांवरून कळते की ते पिल्लू डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाने अनेक आठवडे आजारी होते. कोणी तरी पाणी पाजले, ऊब दिली, घाण साफ केली म्हणूनच ते तितके दिवस तगले, आणि शिकारीला त्याचा काही उपयोग नसताना तगले. काश्मीरमधल्या बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन माणसांशेजारी कुत्री पुरलेली आढळली आहेत. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, दहाव्या शतकाच्या मध्याचा, कर्नाटकातल्या आतकूरचा वीरगळ रानडुकराशी झुंजताना मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्यासाठी उभारला गेला. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा पोलिसांचा झंजीर हाडांच्या कर्करोगाने २००० साली गेला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. कुत्र्याच्या देहाला मान देणे आपल्याला नवे नाही.

तो मान सर्वांना परवडेल अशी सोय मात्र नाही. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला छोट्या प्राण्यांसाठी नैसर्गिक वायूवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आणि ती विनामूल्य ठेवली, हे अनुकरणीय पाऊल आहे. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, स्वतःची जमीन नसलेल्या माणसाने तालुक्याच्या गावात काय करायचे? कचऱ्याच्या गाडीत देह टाकताना पाहिलेली माणसे ते विसरत नाहीत. प्रत्येक महापालिकेने अशी एक भट्टी उभारावी. नगरपालिकांनी निदान कुंपण घातलेली, पाण्यापासून दूरची एक जागा राखावी, खड्डा खणायला एक माणूस द्यावा आणि देह नेण्यासाठी कचरा न वाहणारी वेगळी गाडी ठेवावी. शुल्क घ्यायला हरकत नाही, ते आधी जाहीर करावे. राख परत हवी असेल तर दहन स्वतंत्र होणार की एकत्र, हे नोंदवहीत लिहून घ्यावे.

आणि एक काम तर कोणताही खर्च न करता उद्यापासून होऊ शकते. कुत्र्याचा परवाना देताना पालिका जी पावती देते, तिच्या मागच्या बाजूला त्या गाडीचा आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक छापावा.

आपले नम्र,
छोट्या प्राण्यांवर उपचार करणारे काही पशुवैद्य,
सातारा