तांब्याच्या दोन नळ्या

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

किल्ल्या हातात येऊन आज अठरावा दिवस. अर्धी खोकी अजून बांधलेलीच आहेत. परवा फोनवर बाबा, तुम्ही विचारलंत, "त्या दलालबाईंना एवढं कमिशन कशाचं? दार उघडून घर दाखवलं, एवढंच ना?" मागे चिमी रडत होती, म्हणून मी "नंतर सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. पण तो प्रश्न मला टोचत राहिला, कारण सहा महिन्यांपूर्वी मीही अगदी हेच म्हणाले असते. म्हणून आज सगळे झोपल्यावर लिहायला बसले आहे.

आधी कागदावरचं सांगते, कारण तुम्ही बँकेतले, पहिल्यांदा तेच विचाराल. इथल्या रिअल्टर म्हणजे घरांच्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेवर कमिशनवरून मोठे दावे झाले होते. त्यातल्या तडजोडीमुळे १७ ऑगस्ट २०२४ पासून पद्धत बदलली. आता घर बघायला जाण्याआधीच घेणाऱ्याने आपल्या एजंटशी लेखी करार करायचा आणि मोबदला किती ते त्यात स्पष्ट लिहायचं. तो सरकारने ठरवलेला नसतो, बोलून ठरतो. आमच्या करारात लिहिलं होतं: घरं दाखवणं, बाजारभाव समजावणं, ऑफर तयार करणं, वाटाघाटी, तारखांवर लक्ष ठेवणं. आणि व्यवहार पुरा झाला तरच पैसे. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

व्यवहार पुरा होण्याच्या दिवसाला इथे क्लोजिंग म्हणतात. त्या दिवशी आमचे पैसे, बँकेचं कर्ज, खरेदीखत आणि किल्ल्या हे सगळं एकदम हलतं. पण करारावर सही केल्यापासून त्या दिवसापर्यंत दीड-दोन महिने जातात, आणि खरी परीक्षा तिथे असते. न्यू जर्सीत सही झाल्यावर तीन कामकाजाचे दिवस वकिलांना मिळतात, त्यात दोन्हीकडचे वकील करार मोडूही शकतात. मग घराची तपासणी, बँकेचं मूल्यांकन, टायटल सर्च म्हणजे बोजा आहे का ते बघणं, विमा. यातली एक कडी अडकली की सगळी साखळी थांबते. आमचं आडनाव इतकं सर्रास आहे की त्याच आडनाव-नावाच्या दुसऱ्या कुणावर कोर्टाची वसुली निघाली, आणि "तो मी नव्हे" असं प्रतिज्ञापत्र तुमच्या जावयांना करून द्यावं लागलं. ते एका दिवसात सुटलं. तांब्याच्या नळ्यांचं तसं नव्हतं.

घर १९५० च्या दशकातलं. आम्ही ते दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा मी वर स्वयंपाकघरात कपाटं उघडून बघत होते आणि आमची एजंट तळघरात होती. बराच वेळ वर येईना म्हणून मी खाली गेले. ती गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात भिंतीचा एक कोपरा बघत होती. भिंतीतून करंगळीएवढ्या जाडीच्या दोन तांब्याच्या नळ्या बाहेर आल्या होत्या, टोकं चेपून वाकवलेली, वर रंगाचा हात मारलेला. माझी नजर तिथून दहा वेळा फिरली असती तरी मला त्या दिसल्या नसत्या. ती म्हणाली, "या तेलाच्या नळ्या. घराला आता गॅस आहे. पण कधीकाळी तेलावर चालणारा हीटर होता. मग तेलाची टाकी कुठे आहे?"

बाबा, इथे जुन्या घरांच्या अंगणात जमिनीखाली लोखंडी टाक्या पुरलेल्या असायच्या. वर्षानुवर्षं गंजून त्या गळतात, तेल मातीत मुरतं, आणि ती माती साफ करण्याचा खर्च माणसाला धुऊन नेऊ शकतो. नीट चौकशी न करता घेतलं तर ते ओझं नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतं. बहुतेक घरविम्यांत हे धरलेलंही नसतं. विक्रेते आजोबा ऐंशीच्या पुढचे, त्यांना काही आठवत नव्हतं. त्यांनी फसवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

आम्ही पैसे देऊन अंगण तपासून घेतलं. धातू शोधणारं यंत्र घेऊन एक माणूस तासभर बर्फातून फिरला. टाकी नाही, असा अहवाल आला. तुमच्या जावयांनी सुटकेचा श्वास टाकला. मी तर पडद्यांची मापं काढायला निघाले होते. पण एजंट म्हणाली, "टाकी आता नाही, एवढंच कळलं. ती काढली तेव्हा खालची माती कशी होती, हे कुठे कळलंय?" तपासणीची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. आणि तिने आम्हाला स्पष्ट सांगितलं, "मुदतीत कागद मिळाला नाही आणि मुदत वाढवूनही मिळाली नाही, तर वकिलांशी बोला आणि यातून बाहेर पडा. इसार परत घ्या. मी पुन्हा पहिल्यापासून घरं दाखवीन."

आता ती ओळ आठवा. व्यवहार झाला तरच पैसे. चार महिने तिने आमच्याबरोबर शनिवार-रविवार घालवले होते, सव्वीस घरं दाखवली होती. आणि ज्या व्यवहारातून तिला कमाई व्हायची, तो सोडून द्यायला तीच सांगत होती.

मग ती नगरपालिकेत गेली. हे काम तिचं नव्हतं. करारात कुठेच नव्हतं. इथे सार्वजनिक कागद मागण्याचा कायदा आहे, आपल्या माहिती अधिकारासारखा, त्याखाली सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिने अर्ज भरला, पण अर्ज टाकून बसली नाही. बांधकाम परवान्यांच्या खिडकीशी स्वतः जाऊन उभी राहिली. संगणकात काही सापडलं नाही. तिथल्या बाईंना तिने विचारलं, जुन्या फायली पत्त्याप्रमाणे लावल्या आहेत की गट क्रमांकाप्रमाणे? गट क्रमांकाप्रमाणे होत्या, आणि अर्जात फक्त पत्ता होता. तिने तिथेच गट क्रमांक काढून दिला. दुसऱ्या दिवशी फाइल मिळाली: टाकी काढण्याचा परवाना, निरीक्षकाची सही, आणि राज्याच्या पर्यावरण खात्याचं पत्र की पुढे काही करण्याची गरज नाही. तिने फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "आता पडदे घ्या." आई, मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले.

विक्रेत्यांच्या एजंटचंही सांगायला हवं. इथे घर विकताना धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आणि आग विझवायचं सिलिंडर आहे, असा दाखला लागतो. त्याशिवाय क्लोजिंग होत नाही. सिलिंडर स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत, बाहेर पडायच्या वाटेवर, दिसेल असं, भिंतीला आकड्यावर टांगलेलं हवं. आजोबांनी सिलिंडर आणलं होतं, पण ते सिंकखालच्या कपाटात ठेवलेलं. निरीक्षकाने दाखला नाकारला. आजोबांना ड्रिल धरवत नव्हतं. त्यांचा एजंट संध्याकाळी आपली हत्यारांची पेटी घेऊन आला आणि दोन भोकं पाडून आकडा बसवून गेला. पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांपायी पाच दिवस गेले असते, आणि बँकेने आमचा व्याजदर ज्या मुदतीपर्यंत बांधून दिला होता, ती त्या आधीच संपत होती.

मदत म्हणजे मागेल ते देणं नव्हे, हेही तिच्याकडूनच कळलं. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, "आपली माणसं कुठल्या भागात जास्त राहतात? चांगली वस्ती कुठली?" ती म्हणाली, "याचं उत्तर मी देणार नाही." मला ते लागलं. मग तिने समजावलं. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारात वंश, धर्म, मूळ देश अशा गोष्टींवरून भेदभाव करायला बंदी आहे, आणि एजंटने माणसाला कुठल्याशा वस्तीकडे वळवणं किंवा वस्तीपासून लांब ठेवणं त्यातच येतं. "शाळेची माहिती कुठे बघायची ते सांगते, संध्याकाळी त्या रस्त्यावरून तुम्ही स्वतः चालून या." आम्ही चाललो. वकील सुचव म्हटलं तर तिने तीन नावं दिली, एक नाही. आणि करारातल्या कलमाचा अर्थ विचारला की दर वेळी एकच, "हे वकिलांना विचारा." आमच्या पैशांना तर तिने हातही लावला नाही.

पैशांवरून आठवलं. क्लोजिंगच्या दोन दिवस आधी मला ईमेल आलं: वकिलांच्या खात्यात बदल झाला आहे, रक्कम या नव्या खात्यावर पाठवा. वकिलांचं नाव बरोबर, घराचा पत्ता बरोबर, रक्कमसुद्धा जवळपास बरोबर. ते खोटं होतं. अशा ईमेलवर लोकांची आयुष्यभराची पुंजी गेलेली आहे, आणि एकदा गेलेले पैसे परत मिळणं फार अवघड. आम्ही वाचलो, कारण पहिल्या भेटीतच तिने आमच्या फ्रिजवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली होती: "खातं बदललं असं कुणीही कळवलं, तर व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर फोन करायचा, ईमेलमधल्या नाही." तुमच्या जावयांनी तसा फोन केला. ती चिठ्ठी मी नव्या फ्रिजवर आणून लावली आहे.

२२ जानेवारीची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी क्लोजिंग, म्हणून घर शेवटचं बघायला गेलो. आजोबा आठवड्यापूर्वीच मुलीकडे राहायला गेले होते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. दार उघडलं तर आतही तशीच. हीटर बंद पडला होता. मला वाटलं, थंडी आहे, कोट घालू. एजंटने कोट काढलासुद्धा नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नळ उघडला. पाणी आलं. म्हणजे नळ्या अजून गोठल्या नव्हत्या. रात्रीत गोठल्या असत्या, तर आतल्या बर्फाने फुटल्या असत्या, आणि सकाळी आम्ही सही केली असती त्या घराच्या भिंतींमधून पाणी वाहिलं असतं.

घर अजून आजोबांचं होतं, आपण परस्पर काही करायचं नाही, म्हणून तिने आधी त्यांच्या एजंटला फोन लावला, त्याने आजोबांना विचारून होकार दिला. मग तिने प्रत्येक नळाची बारीक धार सोडली, वाहतं पाणी सहजी गोठत नाही. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवली. पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह शोधला आणि अंधारातही सापडावा म्हणून पर्समधली लाल रिबन त्याला बांधली. आम्हाला म्हणाली, "लहान मूल आहे, तुम्ही घरी जा." तो दुसरा एजंट दुरुस्तीवाल्याला घेऊन रात्री दहाला पोचला. दोघंही तळघरात उभी राहिली. बारा वाजून वीस मिनिटांनी तिचा मेसेज आला, हीटर सुरू झाल्याचा, सोबत थर्मोस्टॅटचा फोटो. सकाळी सातला ती पुन्हा तिथे होती, सगळे नळ तपासायला.

क्लोजिंगचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. हिशेबाचा अंतिम तक्ता नियमाप्रमाणे तीन कामकाजाचे दिवस आधीच हाती आला होता, तुमच्या सवयीप्रमाणे मी त्यातला आकडा न् आकडा जुळवून ठेवला होता. वकिलांच्या ऑफिसात तासभर सह्या केल्या. एजंटला तिथे काहीच काम नव्हतं. ती कोपऱ्यात चिमीला मांडीवर घेऊन बसली होती, डोळे लाल, चिमी तिच्या किल्ल्यांच्या जुडग्याशी खेळत होती.

बाबा, खरेदीखत नोंदणी होऊन आलं की त्याची प्रत स्कॅन करून पाठवते. तुम्ही चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचाल, मला माहीत आहे. चूक दिसली तर लगेच कळवा. आणि आई, मे महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा तिला जेवायला बोलवायचं ठरवलं आहे, दिवस तूच ठरव.

काल चिमीला घेऊन तळघरात गेले होते. त्या दोन नळ्या तशाच आहेत, आणि व्हॉल्व्हची लाल रिबनही. चिमी ती ओढायला बघत होती, मी गाठ जरा घट्ट केली.

तुमची,
धाकटी