कपात चहाच होता

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर काकू मधेच बोलतात आणि मूळ विषय राहून जातो, म्हणून मेल टाकतेय, दादा वाचून दाखवेल. तर पहिलं म्हणजे ग्रुपवरच्या फोटोत माझ्या हातातल्या कागदी कपात चहाच होता. बाजूच्यांच्या कपात गरम वाईन होती हे खरंय, इथे थंडीत दालचिनी-लवंग घालून वाईन उकळतात, पण मी चहा घेतलेला. तब्येत चांगली आहे, थर्मल घालते, वरणभात होतो. काळजी नको.

आणि ती पार्टी नव्हतीच मुळी. 8 फेब्रुवारीला स्लोव्हेनियात सगळीकडे सुट्टी असते, का तर एका कवीची पुण्यतिथी. फ्रान्स प्रेशेरेन, 1849 ला गेला. आपण 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी दिन करतो, पण सुट्टी कुठे मिळते? इथे ऑफिसं बंद, बरीच म्युझियम फुकट, आणि लोक राजधानी ल्युब्लियानाच्या चौकात त्याच्या पुतळ्याजवळ कुडकुडत उभं राहून त्याच्या कविता ऐकतात.

आता बाबा हसू नका. यांचं राष्ट्रगीतच मुळात पेला उंचावून म्हणायचं गाणं आहे! प्रेशेरेननेच ते 1844 मध्ये लिहिलं, तेव्हा राज्य ऑस्ट्रियाचं, सेन्सॉरने कात्री लावली म्हणून त्याने पुस्तकात घातलंच नाही, मग 1848 च्या उठावानंतर छापून आलं आणि 1989 ला राष्ट्रगीत झालं. छापताना ओळी लहानमोठ्या अशा ठेवल्यात की प्रत्येक कडवं पेल्यासारखं दिसतं. पण गातात ते फक्त सातवं कडवं, त्यात दारूचा थेंब नाही. त्यात म्हटलंय की सगळी राष्ट्रं सुखात राहोत, भांडणं मिटोत, आणि हद्दीपलीकडे सैतान नको, शेजारी असू दे. मी पहिल्यांदा अर्थ विचारून घेतला तेव्हा मला आपला आणि आप्पांचा बांधच आठवला, खरं सांगते. त्या कडव्याची पहिली ओळ 2 युरोच्या नाण्यावर पण आहे, बाजूला त्याचा चेहरा. तोही अंदाजानेच म्हणायचा, कारण तो जिवंत असताना कुणी त्याचं चित्र काढलंच नव्हतं, गेल्यावर आठवणीतून काढलं.

एवढा मान का, तर त्या काळी शिकलेल्यांना वाटायचं की स्लोव्हेनियन ही शेतकऱ्यांची बोली, नाजूक काही लिहायचं तर जर्मनमध्ये. (आपल्याकडे इंग्रजीचं जे चाललंय तेच.) याचा मित्र चोप, लायब्रेरियन, ढीगभर भाषा यायच्या त्याला, त्याने याला इटालियन कवी पेट्रार्क आणि जर्मन रोमँटिक लोकांच्या विचारांची गोडी लावली, इंग्रज कवी बायरनचं तर याने भाषांतरही केलं. आणि मग याने ते सगळं आपल्या बोलीत आणलं. केशवसुतांनी सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, मराठीत आणलं ना, तसंच. 15 सुनीतांची माळ केली, एकाची शेवटची ओळ तीच पुढच्याची पहिली, अंताक्षरीच म्हणा, आणि पहिल्या चौदांच्या पहिल्या ओळी जोडून पंधरावं, त्याची आद्याक्षरं वाचली तर यूलिया नावाच्या मुलीचं नाव! श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी, तिने दुसऱ्याशी लग्न केलं. चौकातला पुतळा समोरच्या गल्लीतल्या एका भिंतीकडे बघतो, तिथे खिडकीत तिचा चेहरा कोरलाय. चोप 1835 ला नदीत बुडून गेला. प्रेशेरेन स्वतः वकील होता, शेवटी क्रान्य गावात राहायचा, खिशात अंजीर ठेवायचा आणि पोरांना वाटायचा. लग्न केलं नाही, तीन मुलं मात्र होती. हे काकूंना वाचून दाखवू नका.

लग्नावरून आठवलं, इस्लामपूरच्या स्थळाचा बायोडेटा बघितला. मुलगा वाईट नाही. पण इतक्यात हो कळवू नका ना, लॅबचं काम जूनपर्यंत आहे, नंतर बघू. आणि काकू विचारतायत की फोटो काढला कुणी, तर लॅबमधल्या एकाने, इथलाच आहे, एवढंच. ताईच्या लग्नाला मे मध्ये मला यायला जमेलसं वाटत नाही, तिकीट फार महाग आहे. तिला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका. आजीच्या वर्षश्राद्धालाही आले नव्हते ते माहितीये मला.

मोजणीची फी आणि औषधवाल्याची उधारी मिळून काल 60 हजार टाकलेत, बघा आले का. आप्पांशी कोर्टात जाण्याआधी एकदा समोरासमोर बसा, माझ्यासाठी. बाग उतरली की भाव काय मिळाला ते कळवा. बेदाणा पाठवू नका, कुरियरला बेदाण्यापेक्षा जास्त पैसे पडतात. पाठवलाच तर अर्धा किलोच पाठवा, हिरवा.

तुमची,
छकुली