सेकंड हँड गाडीचं अ‍ॅव्हरेज

बेळगाव

प्रिय परशुराम,

सप्रेम नमस्कार.

तुझी २०१४ ची गाडी ११ च्या वर अ‍ॅव्हरेज देत नाही आणि मेस्त्रीने ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी की जास्त ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) बदलायला सांगितलाय, हे वाचलं. थांब मर्दा, सेन्सर इतक्यात घेऊ नकोस. एक लिटरच्या तीन सिलिंडर पेट्रोल गाडीने खानापूर-बेळगाव ये-जा करताना १६-१७ द्यायला हरकत नाही, म्हणजे पेट्रोल कुठेतरी जातंय खरं. पण कुठे जातंय ते न मोजता पार्ट बदलत बसलास तर पैसे जातील आणि दोष तिथेच राहील.

आधी हा ११ चा आकडा पक्का कर. पेट्रोलच्या काट्यावरून काढलेला हिशोब धरू नकोस. टाकी फुल कर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबव. पंपावरचा पोरगा पैसे राऊंड करायला अजून घालू लागला तर नको म्हण. ट्रिप मीटर शून्यावर आण. ३५०-४०० किलोमीटर झाले की त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, पुन्हा तसंच फुल कर. ३७२ किलोमीटरला २४ लिटर बसलं तर अ‍ॅव्हरेज १५.५. दोन-तीन टाक्या असं कर. मीटरही तपास. निपाणीकडे जाताना हायवेच्या दगडांवर २० किलोमीटर मोज. गाडीचं मीटर १९ च दाखवत असेल तर मागच्या मालकाने मोठ्या मापाचे टायर बसवलेत. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवरचं माप आणि टायरवरचं माप ताडून बघ. हवेचा आकडाही त्याच स्टिकरवर असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मार.

नव्या पेट्रोलचा वाटाही ध्यानात ठेव. आता २० टक्के इथेनॉल येतं, आपल्याच संकेश्वर-चिक्कोडी पट्ट्यातल्या उसापासूनही ते बनतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. १० टक्क्यांवरून २० वर गेल्याने तीन-चार टक्के अ‍ॅव्हरेज उतरतं. १७ चं साडेसोळा होईल, ११ नाही.

आता चाकं. खानापूरच्या पावसात चार महिने भिजलेल्या जुन्या गाडीत माझा पहिला संशय ब्रेकवर. आठ-दहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालव, हळू थांब, आणि चारही रिमजवळ हात ने. लगेच टेकवू नकोस, भाजेल. एकच चाक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. मग सपाट जागेवर, दुसऱ्या चाकांना दगड लावून, ते चाक जॅकवर उचल. गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. चाक हाताने सहज फिरायला हवं, हलकं घासल्याचा आवाज चालतो.

पुढचं चाक अडत असेल तर मेस्त्रीला कॅलिपरचा (डिस्क दाबून धरणाऱ्या भागाचा) ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू, जरा सैल करायला सांग. फ्लुइड उडून चाक लगेच मोकळं झालं तर दाब मागे परतत नाहीये. बहुधा ब्रेकची रबरी होज आतून फुगलेली असते, क्वचित मास्टर सिलिंडर. निपल सोडूनही चाक जामच राहिलं तर पिस्टन किंवा स्लाइड पिन गंजलीय. पिना काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. आपल्याकडे ही चूक फार होते, म्हणून समोर उभा राहून करून घे. काम झालं की ब्रेकमधली हवा काढायला लाव. मागच्या चाकांना ड्रम आहेत, तिथे हँडब्रेकची केबल गंजून परतत नाही किंवा कुणीतरी जास्त ताणून ठेवलेली असते.

चाकं मोकळी निघाली तर इंजिन तापतंय का ते बघ. हो, तापतंय का! गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकायची आपल्या गॅरेजांतली जुनी सवय. मग इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटरला ते थंड दिसत राहतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. सकाळी थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लाव, फॅनपासून लांब राहून. सुरुवातीची काही मिनिटं ती थंड राहायला हवी आणि मग एकदम तापायला हवी. चालू केल्यापासून हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, नाहीतर बसवलेलाच नाही. नवा बसवताना गॅस्केटही नवं घे, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भर, हवा नीट काढायला लाव. झाकण मात्र इंजिन गार असतानाच उघडायचं. आणि मुळात तो काढला का होता, रेडिएटर चोंदलाय की फॅन चालत नाही, हे आधी शोध, नाहीतर नव्याने गाडी खरंच तापेल.

यापुढे स्कॅनर लागेल. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, मोबाईलला जोडायचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत, सुरू करण्याआधी, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. कूलंट शून्याखाली दाखवत असेल तर तो सेन्सर किंवा त्याची वायर गेलीय. चालत्या गाडीत ते साधारण ८० ते ९५ अंशांत टिकायला हवं, उतारावर ६०-६५ ला पडायला नको.

मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय (अधिक) की घटवतोय (उणे). अधिक-उणे ५ च्या आत उत्तम, १० पर्यंत चालतं. उणे १५ असेल तर गळका इंजेक्टर किंवा जास्त फ्युएल प्रेशर शोध. अधिक १५ असेल तर सेन्सरला दोष देण्याआधी एक्झॉस्टच्या गॅस्केटजवळ कान लाव. तिथे फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी वाटतं आणि कॉम्प्युटर उगाच वाढवत राहतो. इथेच लोक चांगला सेन्सर काढून नवा घालतात. तापलेल्या इंजिनावर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होत असेल तर तो जिवंत आहे. गाडीला पूर्वी गॅसचा किट होता का तेही विचार. किट काढला तरी मॅनिफोल्डवरचे निपल राहतात, त्यांच्या रबरी टोप्या तडकून तिथून हवा आत शिरते, आणि कापून जोडलेल्या वायरी तशाच असतात.

एअर फिल्टर बदलल्याने इंजेक्शनच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज फारसं वाढत नाही, पिकअप सुधारतो. धूळ बसली असेल तर जरूर बदल, पण त्यावर आशा ठेवू नकोस. प्लग तिन्ही काढून बघ, टोक फिकट तपकिरी हवं. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ऑइल मात्र लगेच बदल. आवाज नि धूर झाकायला विकणारे २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल भरतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाल. क्लच घसरतोय का बघायला चौथ्यात ४० वर असताना पूर्ण रेस दे. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग नाही, तर प्लेट संपलीय.

चालवण्यातलं एकच सांगतो. आता गळीत हंगाम आहे, उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे तिसऱ्यात रेंगाळणं आणि मग जोरात ओव्हरटेक करणं, यात अ‍ॅव्हरेज जाणारच. म्हणून हंगामातल्या आकड्याची तुलना पावसाळ्यातल्या आकड्याशी करू नकोस. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलास की इंजिन बंद कर.

दोन टाक्यांचे आकडे, कुठलं चाक तापतं, सकाळचं कूलंटचं तापमान आणि लाँग टर्म ट्रिम, एवढं कळव. मेस्त्रीला तोवर सेन्सर मागवू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू