फोटोथेरपीच्या (प्रकाशाने उपचार करण्याच्या) खोलीतल्या सिस्टरना, डिचोलीच्या एका आईकडून

सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या लेकीच्या गळ्यावर, हातांवर कोडाचे डाग आहेत. चवथीला सगळं गोत घरी जमणार म्हणून तिने हट्ट धरला आणि आम्ही किनाऱ्याकडच्या एका पार्लरात गेलो, तिथे टॅनिंगचं, म्हणजे अतिनील किरणांनी कातडीचा रंग गडद करायचं, मशीन आहे, 'दोन-तीन सिटिंगमध्ये रंग एकसारखा होईल' म्हणाले. पोर १७ वर्षांची, पण वय विचारलं नाही, डाग कसले तेही नाही, पैसे मात्र आधी घेतले. दुसऱ्याच सिटिंगला डागांवर फोड आले. डागात रंगद्रव्यच नसतं, ती कातडी भाजणारच, आणि भाजलं की तिथे कोड आणखी पसरू शकतं, हे मला नंतर कळलं. मग ज्या डॉक्टरकडे धावले त्यांनी मान वर न करता मलम लिहिलं, वर 'लग्नाच्या वयाच्या आधी काय ते करा' हेही ऐकवलं, तेही तिच्यासमोर.

तुमच्याकडे आलो तेव्हा कॅबिनमधल्या ट्यूब बघूनच ती रडायला लागली. तुम्ही सांगितलंत की इथे ३११ नॅनोमीटरची यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा कोडावर उपचाराला वापरतात तो प्रकार, डोस डॉक्टर ठरवतात, सुरुवात सेकंदांनी, पार्लरातली बहुतेक यूव्हीए, म्हणजे दुसऱ्या प्रकारची असते. तिला ते काही ऐकूच जात नव्हतं. मग तुम्ही स्वतः तिच्या डोळ्यांवर गॉगल बांधलात, 'भियेनाका, हांव हांगाच आसां' (घाबरू नकोस, मी इथेच आहे) म्हणालात, आणि दाराला टेकून मोठ्याने आकडे मोजत उभ्या राहिलात. बाहेर एवढी रांग होती, तुम्हाला मोजायला कोणी सांगितलं नव्हतं सिस्टर, मशीनला टायमर आहे. अजून आठवलं की माझा गळा भरून येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००९ सालीच ही टॅनिंगची मशीनं कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलीत, तंबाखू आहे त्याच गटात. ब्राझीलने त्याच वर्षी पार बंद केली. इंग्लंडात २०११ पासून १८ च्या आतल्यांना मनाई आहे, म्हणजे माझ्या पोरीला तिथे दारातूनच परत पाठवलं असतं. इथेही कुणीतरी पाठवायला हवं होतं, सर्वात आधी मी.

आता डोस वाढलाय, गळ्यावर तिळाएवढे रंगाचे ठिपके दिसायला लागलेत. आत गेली की ती स्वतःच मोजते, तुमच्यासारखं कोंकणीतून, पाच झाले की 'स'.