धूर ओकणारं 'अमेरिकन' इंजिन? जरा थांबा!

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात डिझेल इंजिनं भंगारात निघाल्याची बातमी आली होती. फोटो झकास होता, पण खाली छापलंय काय तर 'अमेरिकेतून आणलेलं, धूर ओकणारं प्रवासी इंजिन'. अहो, फोटोत चक्क डब्ल्यूडीजी ३ए आहे, मालगाडीचं इंजिन! एका ओळीत दोन चुका आणि तिसरी गोष्ट अर्धवट. आमच्या घरात सगळ्यांना ऐकवून झालं, कुणी लक्ष देईना, म्हणून तुम्हाला लिहितोय.

अमेरिकेचं म्हणाल तर खानदान तिकडचंच. अल्को कंपनीचं डब्ल्यूडीएम २ आपल्याकडे १९६२ ला आलं, २६०० हॉर्सपॉवरचं, आणि १९६४ पासून ते वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनायला लागलं. अल्कोने १९६९ ला इंजिनं बनवणंच बंद केलं. आणि हे फोटोतलं मॉडेल निघालं १९९५ ला, तेव्हा त्याला डब्ल्यूडीजी २ म्हणायचे, मग ते अमेरिकेतून आणणार कुठून? वाराणसीचं पोर आहे ते. सोळा सिलिंडरचं तेच जुनं अल्को डिझेल, पण त्यातून ३१०० हॉर्सपॉवर काढली. नावातला ३ म्हणजे तीन हजार आणि ए म्हणजे वरचे शंभर, डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल आणि जी म्हणजे गुड्स. मालगाडीचं आहे हे नावातच लिहिलंय हो!

आता मालगाडीचं म्हणजे नुसता रंग वेगळा असं नाही. डब्ल्यूडीएम २ ला गिअर ६५ ला १८ दातांचे, ह्याला ७४ ला १८, म्हणजे पळणं कमी आणि ओढणं जास्त, स्पीड १०० च्या वर नाही. वजन १२३ टन, ते सहा ॲक्सलवर वाटलं की एकेकावर साडेवीस टन येतं, चारच ॲक्सल असते तर तीस टनांच्या वर गेलं असतं, आपल्या रुळांना ते कुठलं झेपायला. प्रत्येक ॲक्सलला स्वतःची मोटर. पण खरी गंमत बोगीत आहे, बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. डब्ल्यूडीएम २ च्या बोगीत तीन चाकांमधलं अंतर सारखं नव्हतं आणि मोटरींची तोंडं पण एका दिशेला नव्हती, जोर लावला की वजन मागे सरकायचं, पुढचं ॲक्सल हलकं व्हायचं आणि चाक जागेवरच गरगर फिरायचं. ३ए ला नवीन बोगी दिली, तिन्ही मोटरी एकाच दिशेला तोंड करून, त्यामुळे पकड पुष्कळ सुधारली. चढावर हाच तर सगळा खेळ असतो.

धुराचं खरंय, ते मी नाकारत नाही. पण त्याला कारण आहे. अल्कोचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, फक्त एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, ड्रायव्हरने नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं पण टर्बो फिरून हवा यायला वेळ लागतो, तेवढा वेळ काळाकुट्ट लोट. हुबळीकडची ४००० हॉर्सपॉवरची डब्ल्यूडीजी ४ बघा, तिचं डिझेल टू स्ट्रोकचं, त्याला सुरुवातीपासूनच हवा लागते, म्हणून तिचा टर्बो आधी गिअरने फिरवतात, मग धूर फार दिसत नाही. ती भारी आहेच, पण मला विचाराल तर तिला आवाजच नाही, म्हणजे आहे, पण मिक्सरसारखा.

माझे मामा पुणे-मिरज लाइनवर गँगमन होते, सुट्टीत मी आदर्कीला त्यांच्याकडे असायचो. मालगाडी क्रॉसिंगला थांबलेली, इंजिन आपलं धग् धग् धग् करत लंगडं चालल्यासारखं उभं, मग सिग्नल पडला की आधी ब्रेकची हवा सुटणार, मग एक नॉच, दोन नॉच, टर्बोची शिट्टी हळूहळू वर चढत जाणार, चाकापुढे पकडीसाठी पाइपातून वाळू सांडणार, आणि मामी आतून ओरडणार, अरे वाळत घातलेले कपडे काढ! गाडी गेल्यावर मी रुळावरची भरडलेली वाळू चिमटीत घेऊन बघायचो, पिठासारखी व्हायची, आणि कोमट लागायची.

आता लाइनवर विजेच्या वायरी आल्या, ते चांगलंच झालं, मामींनीही तेच म्हटलं असतं. पण कोळशाचं इंजिन असलं की लोक लगेच चौथऱ्यावर चढवतात, रंग देतात, सेल्फी काढतात, आणि ह्या मालगाडीवाल्याला थेट गॅस कटर. ह्याने सिमेंट ओढलं, खत ओढलं, साखर ओढली. घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये ही इंजिनं वर्षानुवर्षं होती, तर त्यातलं एक तरी पुण्यात नाहीतर मिरजेत ठेवा, एवढी मागणी तुमच्या पेपरने लावून धरावी ही विनंती. आणि ठेवलंच तर खाली जो बोर्ड लावाल त्यावर 'अमेरिकन प्रवासी इंजिन' लिहू नका म्हणजे झालं.

आपला नेहमीचा वाचक,
लोणंद