अहवालातली ती ओळ डॉक्टरांना दाखवा

महोदय,
प्लीहेच्या, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या पाणथरीच्या, धमनीला आलेला फुगवटा बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात त्याची एक ओळ येते आणि फाइल कपाटात जाते. बायकांनी तरी ती ओळ दुर्लक्षू नये, ही कळकळीची विनंती. हा विकार त्यांच्यात पुरुषांच्या सुमारे चौपट आढळतो. गरोदरपणी फुगवटा फुटला तर आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात. म्हणून मूल होण्याच्या वयात तो लहान असला तरी उपचार सुचवतात. इतरांत त्रास नसेल, तर साधारण ३ सेंटिमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये, जागा नि आकार कळतो. मग जांघेतल्या धमनीतून नळी घालून फुगवट्यातला रक्तप्रवाह बंद करायला आत बारीक कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, सोडतात. पुष्कळदा पोट उघडावेच लागत नाही.

कधी कधी पहिला रक्तस्राव काही काळ थांबतो, मग पुन्हा उसळतो. सुरगाणा-पेठहून घाट ओलांडून नाशिकला येणाऱ्या गरोदर बाईसाठी हीच उसंत मोलाची. पोटात, डाव्या खांद्यात अचानक कळ येऊन भोवळ आली, तर ग्रामीण रुग्णालयातच लगेच सोनोग्राफी व्हावी आणि हा फुगवटाही डॉक्टरांच्या ध्यानात असावा.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक