विषय: जुना अभ्यासक्रम शिकवल्याबद्दल तक्रार व फी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. केंद्र व्यवस्थापक,
सॉफ्टवेअर टेस्टिंग प्रशिक्षण विभाग, पुणे

महोदय,

मी तुमच्या शनिवार-रविवारच्या बॅचची विद्यार्थिनी. आयएसटीक्यूबी फाउंडेशन लेव्हल या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीसाठी मी 18,500 रुपये एकरकमी भरले. परीक्षेची फी वेगळी. गेल्या महिन्यात परीक्षा दिली आणि 40 पैकी 24 मार्क पडले. पास व्हायला 26 लागतात.

माझा अभ्यास कुठे कमी पडला असेल तर ते मी मान्य करते. पण तुम्ही जे शिकवलंत, ते या परीक्षेचं नव्हतंच.

तुमच्या स्पायरल नोट्सच्या कव्हरवर ठळक अक्षरांत 'व्हर्जन 4.0' छापलंय. आत मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टायपात '2018' आहे. 4.0 चा अभ्यासक्रम 2023 मध्ये आला आणि 2018 च्या जुन्या अभ्यासक्रमावरची इंग्रजी परीक्षा 2024 मध्ये बंद झाली. तरीही आम्ही दोन रविवार यूज केस टेस्टिंग (वापरणारा सॉफ्टवेअर कसं वापरेल, त्या प्रसंगांवरून तपासणी) गिरवत बसलो. फाउंडेशनच्या नव्या अभ्यासक्रमात ते तंत्र नाही.

जे आहे, ते नोट्समध्ये सापडत नाही. थ्री-पॉइंट एस्टिमेशनचंच घ्या, म्हणजे तीन अंदाजांवरून कामाला लागणारा वेळ काढणं. कमीत कमी 6 तास, बहुधा 9, जास्तीत जास्त 18 असे अंदाज असतील, तर मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज घ्यायची आणि 6 ने भागायचं. उत्तर 10 तास. पाच मिनिटांत समजतं हो! ते मी नापास झाल्यावर मूळ अभ्यासक्रम उघडून स्वतः शिकले. तो आयएसटीक्यूबीच्या साइटवर फुकट आहे. तुमच्या सरांनी तो एकदा जरी उघडला असता, तरी हे टळलं असतं.

आणखी एक. परीक्षेची भाषा ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना 25 टक्के जादा वेळ घेता येतो, म्हणजे 60 ऐवजी 75 मिनिटं. माझी नोंदणी तुमच्याच ऑफिसमधून झाली, तेव्हा हे कुणी विचारलंही नाही. शेवटचे पाच प्रश्न मी धड न वाचता टिक केले.

कॉल सेंटरची रात्रपाळी संपवून मी थेट क्लासला यायची. हे पैसे आईने भिशीतून काढून दिले होते.

फीचे 18,500 आणि पुन्हा परीक्षेला बसण्याची फी मला 15 दिवसांत मिळावी. सध्याच्या बॅचकडेही याच नोट्स आहेत. त्या मुलांना आजच कळवा, त्यांची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मुदतीत उत्तर आलं नाही, तर मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत: फीची पावती, नोट्सच्या कव्हरचे व आतल्या पानांचे फोटो, निकालाची प्रत.

आपली विश्वासू,
वीकेंड बॅचची विद्यार्थिनी